सल्ला सदर : "नणंदेच्या मुलाला ते इंजेक्शन दिलं, मग माझ्या बाबूला का नाही?"

पत्र :

डॉक्टरबाई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. माझा मुलगा 6 वर्षांचा, वजन 18 किलो. जून संपता संपता त्याला ताप आला, मग उलट्या, पोट दुखतं म्हणून रडायचा. आम्हाला वाटलं पावसाळ्याचं पोट बिघडलंय, म्हणून पेज आणि ओआरएस देत राहिलो. मग एका रात्री श्वास एकदम जोरात चालायला लागला, हातपाय थंड पडले, तसाच उचलून इस्पितळात नेला. इको केल्यावर म्हणाले हृदयाच्या स्नायूला सूज आलीय, मायोकार्डायटिस, ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, फक्त 28. आयसीयूत मिलरिनोनची ड्रिप चालू होती, लॅसिक्स देत होते. देवाच्या कृपेने घरी आला, आता एनालाप्रिल, कार्वेडिलोल आणि अल्डॅक्टोन चालू आहे, मागच्या आठवड्यात ईएफ 46 आला.

पण माझी झोप उडालीय. बेळगावला असलेल्या नणंदेच्या मुलाला 2021 साली असंच हृदयाचं झालं होतं, त्याला आयव्हीआयजी नावाचं महागडं इंजेक्शन आणि स्टिरॉइड दिलं आणि तो एका आठवड्यात खेळायला लागला. आमच्या बाबूला यातलं काहीच दिलं नाही. वर भाच्याने नेटवरून एक तक्ता पाठवला, त्यात मुलांच्या मायोकार्डायटिसच्या औषधांना चक्क नंबर दिलेत, आयव्हीआयजी वर, स्टिरॉइड त्याच्याखाली, आणि "नेहमीचे उपचार" सगळ्यात तळाला! म्हणजे माझ्या मुलाला तळाचं औषध मिळालं का? सासूबाई म्हणतात अर्जुनसालीचा काढा द्या. चवथ (गणेशचतुर्थी) आलीय, घरात पाहुणे येतील, त्याला कसं सांभाळू तेही कळत नाही. खरं सांगा, आम्ही आमच्या मुलावर अन्याय केला का?
— एक आई

उत्तर :

ताई, पहिलं उत्तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाला देते, कारण बाकी सगळं तिथेच अडून बसलंय. नाही. तुम्ही अन्याय केलेला नाही, आणि डॉक्टरांनी त्याला हलक्या प्रतीचं काहीतरी देऊन वाटेला लावलं असंही तुमच्या पत्रातून मला कुठे दिसत नाही. 28 चा ईएफ घेऊन आत गेलेलं मूल 46 घेऊन घरी बसलंय, हे त्याच "तळाच्या" औषधांच्या आधाराने झालंय.

आणि ते पोटाचं समजून पेज देत राहिल्याचं जे मनाला लागलंय ना, ते पण काढून टाका. लहान मुलांमध्ये हा आजार नेमका असाच येतो, पोटदुखी, उलट्या, खायला नको, कारण हृदय नीट पंप करत नसलं की यकृत सुजतं आणि आतड्यांना रक्त कमी पडतं, मूल छातीवर हात न ठेवता पोटावरच ठेवतं. डॉक्टरांचीसुद्धा पहिल्या भेटीत यात गल्लत होते, मग आईला कुठून कळणार!

आता मुख्य मुद्दा, औषधांची तुलना. जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्या भाच्याने पाठवलेल्या तक्त्यासारखे तक्ते हल्ली बऱ्याच पालकांकडे पोचतायत आणि वाचून नुसती भीती वाढते.

या आजारात जी औषधं वापरतात त्यांचे मुळात वेगवेगळे गट आहेत आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. पहिला गट हृदयाला सांभाळणाऱ्या औषधांचा. तुमच्या बाबूला मिळालेली सगळी त्यातलीच. मिलरिनोन हृदयाच्या आकुंचनाला जोर देतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं म्हणजे हृदयाला कमी दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, लॅसिक्स फुप्फुसात साचलेलं जादा पाणी लघवीवाटे काढतं, एनालाप्रिल रक्तवाहिन्यांवरचा ताण कमी करतं, कार्वेडिलोल हृदयाची धावपळ कमी करतं, अल्डॅक्टोन म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन हे पाणी आणि मीठ साठू देत नाही. यातलं एकही औषध थेट सुजेवर मारा करत नाही. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतात, प्लास्टर हाड जोडत नाही, हाड आपलं आपणच जुळतं पण ते जुळेपर्यंत त्याला हलू न देणं हे प्लास्टरचं काम, तसंच हे. आणि ज्या मुलांना एवढ्यानेही भागत नाही त्यांना काही दिवस एक्मोच्या, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणाऱ्या मशीनवर ठेवतात, तेही याच गटातलं, म्हणजे हृदय बरं होईपर्यंत वेळ मिळवून देणं.

दुसरा गट सुजेवर, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारा. बहुतेक वेळा मूळ कारण व्हायरस असतो, कॉक्सॅकी, अडेनो, पार्वो असे. व्हायरस स्नायूत शिरून पेशी मारतो आणि मग त्याला हाकलायला आलेली आपलीच प्रतिकारशक्ती कधी कधी थांबायचं नाव घेत नाही, निरोगी स्नायूलाही इजा करत बसते. आयव्हीआयजी आणि स्टिरॉइड ही दोन्ही या दुसऱ्या टप्प्यासाठी. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी, डोस साधारण किलोमागे 2 ग्रॅम.

आणि तिसरा गट जो त्या तक्त्यांत बहुधा नसतोच, पण आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात मी तो कधीच विसरू देणार नाही, तो म्हणजे कारणावरचं औषध. लेप्टो, स्क्रब टायफस, घटसर्प यांतही हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि तिथे पेनिसिलिन, डॉक्सीसायक्लिन, घटसर्पाचं अँटिटॉक्सिन हे वेळेवर मिळणं बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. डेंग्यूतही हृदय कमकुवत होतं, तिथे व्हायरसवर औषध नाही पण सलाईन मोजून द्यावं लागतं. जून-जुलैचं आजारपण आहे म्हणून सांगते, डिस्चार्ज कार्डावर या तपासण्यांचे रिपोर्ट लिहिलेत का ते बघा. नसतील तर पुढच्या वेळी विचारा, इतकंच.

मग आता भाच्याच्या तक्त्यातली गोम लक्षात येईल. "नेहमीचे उपचार" म्हणजे पहिला गट, आणि अशा अभ्यासांत तो सगळ्यांनाच दिलेला असतो! आयव्हीआयजी मिळालेल्या मुलालाही लॅसिक्स, मिलरिनोन, एनालाप्रिल मिळालेलंच असतं. तुलना होते ती "नेहमीचे उपचार अधिक आयव्हीआयजी" आणि "नुसते नेहमीचे उपचार" यांच्यात. म्हणजे तळाची ओळ ही हलकी ट्रीटमेंट नाही, ती पाया आहे, ज्याच्यावर बाकीच्यांनी एकेक वीट ठेवून बघितलीय की इमारत अजून भक्कम होते का. आणि ती वीट खरंच उपयोगी पडते का, यावर गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे.

वाद कसा ते सांगते, कारण तुम्ही "खरं सांगा" असं लिहिलंय. 1994 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, मायोकार्डायटिस झालेल्या 21 मुलांना आयव्हीआयजी दिलं आणि त्यांची तुलना आधीच्या काळातल्या 25 मुलांशी केली ज्यांना ते मिळालं नव्हतं. आयव्हीआयजीवाल्या मुलांचं हृदय जास्त चांगलं सुधारलं, एका वर्षानंतर जगण्याचं प्रमाण 84 टक्के विरुद्ध 60 टक्के दिसलं. आकडा मोठा दिसतो ना? पण इतक्या थोड्या मुलांत हा फरक योगायोगानेही येऊ शकतो, शिवाय तुलना जुन्या काळातल्या मुलांशी होती आणि मधल्या वर्षांत आयसीयूची एकूण काळजीच सुधारत गेली, मग श्रेय कुणाला द्यायचं? तरी त्या एका अभ्यासावर जगभर आयव्हीआयजी द्यायला सुरुवात झाली, आणि त्यात काही चूक होती असंही नाही, समोर मूल जात असताना माणूस हातात असेल ते वापरणारच.

मग 2001 मध्ये मोठ्या माणसांवर नीट चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास आला, 62 पेशंट, नुकतंच हृदय कमकुवत झालेले, अर्ध्यांना आयव्हीआयजी आणि अर्ध्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. निकाल काय लागला बघा, दोन्ही बाजूंचा ईएफ सरासरी 25 वरून वर्षभरात 40 च्या पुढे गेला. दोन्ही बाजूंचा! म्हणजे ज्यांना काहीच जादा मिळालं नव्हतं तेही तितकेच सुधारले. त्याच्या आधी 1995 मध्ये 111 मोठ्या पेशंटवर स्टिरॉइड आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध देऊन बघितलं होतं, तिथेही हेच, दोन्ही गट सुधारले आणि फरक काही दिसला नाही. मुलांपुरतं बोलायचं तर 2010 मध्ये अमेरिकेतल्या बालरुग्णालयांच्या नोंदींतून 216 मुलांचा हिशेब मांडला गेला, त्यातही आयव्हीआयजीमुळे जास्त मुलं वाचली असं निघालं नाही. उलट 2012 मध्ये आपल्या भारतातूनच मेंदूज्वरासोबत हृदयाचा दाह झालेल्या मुलांचा एक अभ्यास आला, त्यात आयव्हीआयजी मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यू कमी दिसले. पण तो आजार वेगळा, त्यात मेंदूही सापडलेला.

स्टिरॉइडचं पण असंच. 2013 मध्ये व्हायरल मायोकार्डायटिसमधले स्टिरॉइडचे 8 अभ्यास एकत्र केले, मोठे आणि लहान मिळून 719 पेशंट. पहिल्या काही महिन्यांत ईएफ थोडा जास्त सुधारलेला दिसला पण मृत्यू कमी झाले नाहीत, आणि अभ्यासांचा दर्जाही तितकासा चांगला नव्हता. शिवाय व्हायरस अजून जोरात असताना स्टिरॉइड दिलं तर त्याच्याशी लढणारी ताकदच कमी होते ही भीती डॉक्टरांच्या मनात कायम असते, म्हणून कधी द्यायचं हा प्रश्न द्यायचं की नाही याच्याइतकाच मोठा.

तर मग नंबर लावणारे तक्ते येतात कुठून? या अभ्यासांमध्ये अ औषधाची तुलना नेहमीच्या उपचारांशी केलेली असते, ब ची पण नेहमीच्या उपचारांशी, पण अ आणि ब समोरासमोर कुणीच तपासलेले नसतात. मग गणित करून मधल्या दुव्यावरून अंदाज काढतात की अ आणि ब भिडले असते तर कोण वरचढ ठरलं असतं. पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तिला कच्चा माल चांगला लागतो. या आजाराचे अभ्यास छोटे, बरेचसे चीनमधले, तिथे क जीवनसत्त्वाचे मोठे डोस, कोएन्झाइम क्यू 10, क्रिएटिन फॉस्फेट असंही काय काय देतात, कुणाचा निदानाचा निकष एक तर कुणाचा दुसरा, मुलं किती गंभीर होती तेही वेगवेगळं. आणि कितीतरी ठिकाणी "औषध लागू पडलं" याचा अर्थ रक्तातलं एखादं एन्झाइम लवकर खाली आलं एवढाच असतो, मूल वाचलं का, वर्षभराने हृदय नॉर्मल झालं का, हे मोजलेलंच नसतं. पहिल्या आणि तिसऱ्या नंबरमध्ये खरा फरक किती आणि त्याची खात्री किती, हे नंबर वाचून कळत नाही. भाच्याला सांगा, तक्त्याच्या बाजूला पुराव्याचा दर्जा काय लिहिलाय ते वाच, बहुतेक वेळा तिथे "कमी" किंवा "खूप कमी" असंच असतं.

एक गोष्ट मात्र मी अगदी ठामपणे सांगते. काही मुलं अशी असतात जिथे प्रतिकारशक्तीवरची औषधं द्यायलाच हवीत, तिथे वादाला जागा नाही. जायंट सेल नावाचा एक दुर्मिळ पण भयंकर प्रकार आहे, इओसिनोफिलिक प्रकार आहे, ल्युपससारखे, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचे आजार आहेत, तिथे स्टिरॉइड आणि सोबतची औषधं वेळेवर मिळाली नाहीत तर हृदय हातचं जातं. आणि मूल आधार देऊनही दिवसेंदिवस खालावत असेल, कारण सापडत नसेल, तर आयव्हीआयजी किंवा स्टिरॉइड देणारा डॉक्टर बरोबरच करतोय असं मी म्हणेन, पुरावा कच्चा असला तरी. बाबूचं तसं नव्हतं, तो आधारावर सावरत गेला. अशा मुलाला आयव्हीआयजी न देणं हा विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. कारण त्याचा त्रासही आहे. 18 किलोच्या मुलाला 36 ग्रॅम लागतं, 10 टक्क्यांचं द्रावण असेल तर 360 मिली आणि 5 टक्क्यांचं असेल तर 720 मिली पाणी शिरेतून जातं, ज्याच्या फुप्फुसातलं पाणी लॅसिक्सने काढायची धडपड चाललीय त्याच मुलात! देता येतं, हळूहळू, लक्ष ठेवून देतातच, पण फुकटचं नाही. डोकेदुखी, ताप, क्वचित रक्ताच्या गाठी, तांबड्या पेशी फुटणं हेही होतं. पैशाचं तर मी शेवटी घेते, कारण तुम्ही "महागडं" हा शब्द ज्या तऱ्हेने लिहिलाय त्यात मला असं वाचायला मिळालं की महाग म्हणजे भारी औषध आणि आमच्या ऐपतीमुळे ते हुकलं. ताई, किंमत जास्त आहे कारण ते माणसांच्या रक्तातून बनतं, जास्त गुणकारी आहे म्हणून नव्हे.

आता नणंदेच्या मुलाचं. साल 2021, ताप, हृदय कमकुवत, आयव्हीआयजी आणि स्टिरॉइड, आठवड्यात टुणटुणीत. मी त्याचे कागद बघितले नाहीत त्यामुळे ठाम सांगणार नाही, पण मला दाट शंका आहे की तो एमआयएस-सी होता, म्हणजे कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलांना जो सगळ्या शरीराचा दाह व्हायचा तो. त्यातही ईएफ खाली येतो पण मुख्य दोष प्रतिकारशक्तीच्या भडक्याचा, स्नायू मरण्याचा कमी, म्हणून औषध दिल्यावर हृदय झपाट्याने वर येतं. तो वेगळा आजार आहे आणि त्याची औषधं वेगळी. आणि गंमत नाही, खरंच सांगते, तिथेही तुलनेचं भांडण मिटलेलं नव्हतं, 2021 मध्येच एका मोठ्या जर्नलमध्ये एकाच वेळी दोन अभ्यास आले, एकात 32 देशांतली 614 मुलं होती आणि त्यात नुसतं आयव्हीआयजी, नुसतं स्टिरॉइड, की दोन्ही, यात फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन्ही मिळून दिलेल्या मुलांचं हृदय जास्त चांगलं राहिलं. नणंदेला सांगून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवा, वर निदान काय लिहिलंय ते एकदा बघा, तुमच्या मनातली अर्धी तुलना तिथेच संपेल. त्या मुलाला आयव्हीआयजी मिळाल्यावर एमएमआर, कांजिण्या अशा जिवंत लसी साधारण 11 महिने पुढे ढकलाव्या लागतात, तेव्हाची कुठली राहिली असेल तर तेही त्यांनी तपासून घ्यावं.

आता बाबूच्या रोजच्या औषधांकडे येऊ, मला विचाराल तर सगळं लक्ष आता इथे द्या.

खरं तेच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते की एनालाप्रिल आणि कार्वेडिलोलचा पक्का पुरावा आहे तो मोठ्या माणसांमधला. मुलांमध्ये कार्वेडिलोलचा 161 मुलांवरचा अभ्यास 2007 ला आला होता, त्यात औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ठळक फायदा सिद्ध झाला नाही. तरी देतात, मीही देते, कारण मोठ्यांत उपयोग स्पष्ट आहे, आणि मुलांमधला आजार इतका विरळा की मोठ्यांसारखे हजारो पेशंटचे अभ्यास कधी होतील असं वाटत नाही. म्हणून ही औषधं "काय मोठंसं" म्हणून मधेच बंद करू नका. कार्वेडिलोल एकदम थांबवलं तर हृदय उलटी उसळी घेऊ शकतं. ते खाऊ घालूनच द्यायचं, रिकाम्या पोटी दिलं की चक्कर येते. वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून दर भेटीला वजन. गोळीचे तुकडे करून पाण्यात विरघळवून देत असाल तर किती मिलीत विरघळवायची आणि त्यातलं किती द्यायचं हे कागदावर लिहून घ्या, घरात दोघं तिघं औषध देणारे असले की नेमका इथेच घोळ होतो.

एनालाप्रिल आणि अल्डॅक्टोन दोन्ही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात, म्हणून रक्ततपासणी सांगितली असेल ती टाळू नका. आणि आपल्याकडे आजारी मुलाला प्रेमाने रोज शहाळं पाजतात, ते नको! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं तेही नको, त्यातही पोटॅशियमच घातलेलं असतं, पालकांना ते हृदयाला चांगलं म्हणून विकलं जातं पण या गोळ्यांसोबत ते उलट धोक्याचं. कोरडा खोकला लागला तर तो एनालाप्रिलचा असू शकतो, पण मुलाच्या हृदयाचाही असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवा, घरी ठरवू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल, किलोमागे 15 मिलीग्रॅम म्हणजे त्याला 270 मिलीग्रॅमपर्यंत एका वेळी. आयब्युप्रोफेन नको, किडनीला त्रास होतो आणि डेंग्यूच्या दिवसांत तर नकोच नको. उलट्या जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन करा, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या रक्तदाब फार खाली नेतात आणि डॉक्टर एखाद दिवस डोस थांबवायला सांगू शकतात.

अर्जुनसालीचं सासूबाईंना नीट सांगा, त्यांच्या मनात नातवाची काळजीच आहे. पण तीन औषधं आधीच रक्तदाब आणि हृदयाच्या गतीवर काम करतायत, त्यात काढ्याचं प्रमाण किती, सहा वर्षांच्या मुलात या गोळ्यांसोबत तो काय करतो, हे तपासलेलं नाही. मी देऊ देणार नाही. सध्या नाही, एवढं बोलून थांबा, घरात वाद वाढवू नका.

मीठ कमी ठेवायला सांगितलं असेल तर आपल्या घरचा खरा चोर वरणातलं मीठ नसतं. चेपणीतली तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), खारे बांगडे, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, लोणचं, पापड, पाकिटातले चिप्स, हे बंद. पेज द्या, त्यात मीठ चिमूटभर, सोबत ताज्या माशाचं हलकं तिखलं किंवा भाजी. अगदी अळणी करून त्याला उपाशी ठेवू नका हं, आता वजन वाढायला हवंय.

चवथीचं म्हणाल तर होऊ दे की. नेवऱ्या खाऊ दे, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना शेजारी बसू दे, आरतीला टाळ वाजवू दे. फक्त धावाधाव, फुगडी, विसर्जनाला चढउतार आणि चिखलातून पळणं, शाळेत फुटबॉल, पीटी, हे साधारण 3 ते 6 महिने नाही, आणि नंतरसुद्धा इको, ईसीजी, गरज पडली तर होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) बघूनच. घरात पाहुणे सर्दीतापाचे असतील तर त्यांना लांबून भेटायला सांगा, त्यात वाईटपणा काही नाही. शाळेच्या बाईंना एक चिठ्ठी द्या म्हणजे कुणी त्याला ग्राउंडवर धावायला लावणार नाही, आणि वर्गात बसायला हरकत नसेल तर बसू दे, एकटा घरी ठेवला की मूल जास्त खचतं.

कधी धावत इस्पितळात जायचं ते फ्रिजवर लिहून ठेवा : शांत बसलेला किंवा झोपलेला असताना श्वास जोरात, अंग थंड आणि घामेजलं, चक्कर किंवा बेशुद्धी, छातीत धडधडतं म्हणाला तर, लघवी एकदम कमी, एक दोन दिवसांत वजन अचानक वाढलं किंवा डोळे पाय सुजले, आणि हो, परत ती पोटदुखी उलट्या सुरू झाल्या तर. अशा वेळी 108 ला फोन करा आणि पहिलं वाक्य "मुलाला मायोकार्डायटिस झाला होता" हेच बोला, नाहीतर पुन्हा पोटाचं समजून सलाईन लावतील आणि या हृदयाला जास्तीचं सलाईन झेपत नाही.

पैशाचं राहिलं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या, 3 जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि 4 किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला 4 लाखांपर्यंत आधार आहे, पुढे कधी परत भरती व्हायची वेळ आली तर उपयोगी पडेल. कार्डाची मुदत तपासा, बऱ्याच जणांचं संपलेलं असतं आणि भरतीच्या दिवशी कळतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. आयव्हीआयजी किंवा स्टिरॉइडचा विचार झाला होता का आणि का नाही दिलं, हे भांडायच्या सुरात नको, साधं विचारा, चांगला डॉक्टर सांगतोच. कारण शोधायच्या तपासण्यांत काय निघालं. पुढचा इको कधी. आणि ईएफ नॉर्मल झाल्यावरही ही औषधं किती महिने चालू ठेवायची, कारण आकडा 55 च्या पुढे गेला की घरचेच औषध बंद करतात हे मी बघत आलेय. बऱ्याच मुलांचं हृदय पूर्ण भरून येतं, काहींना वर्षभर किंवा जास्त लागतं, आणि काहींचं मोठं झालेलं हृदय तसंच राहतं, ते आत्ता सहा आठवड्यांवर कुणीच सांगू शकत नाही. पण 28 वरून 46 ही चढण बघून मला बाबूबद्दल खरंच आशा वाटते. पुढचा इको झाला की रिपोर्टचा आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा, नाव झाकून, मी वाचेन आणि कळवेन.